घडीच्या चाकूचा चिवटपणा पारखावा कसा?



ऊसतोडीचा कोयता कसा असावा यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. खिशातल्या घडीच्या चाकूकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. वास्तविक उसाच्या शेतकऱ्याच्या हातात तो वर्षभर असतो. बेण्याची टिपरी करून डोळा तपासायचा, लाल कूज आहे काय हे पाहण्यासाठी ऊस उभा चिरायचा, चाबूक काणीचा पट्टा पिशवीत घेऊन कापायचा, ठिबकची नळी छाटायची, खताच्या पोत्याची सुतळी तोडायची, ही सगळी कामे त्याच्याकडेच. असा चाकू ऐन कामात तुटला तर नुकसान चाकूच्या किमतीपुरते राहत नाही. पाते मिटून बोटावर येते किंवा तुटलेला तुकडा उडून डोळ्याकडे जातो. म्हणून चाकू घेताना आणि घेतल्यावर तो कसा पारखावा, याचा हा पाठ आम्ही देत आहोत.

कडकपणा आणि चिवटपणा

बाजारात विक्रेता चाकूने खिळ्यावर घाव घालून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, किती कडक पोलाद!" ऐकणाऱ्याला वाटते, कडक म्हणजेच मजबूत. इथेच घोटाळा होतो. कडकपणा म्हणजे ओरखडा न पडण्याचा, न दबण्याचा गुण. त्यामुळे धार टिकते. चिवटपणा म्हणजे धक्का किंवा ताण सोसून न तुटण्याचा गुण. काच कडक असते, पण चिवट नसते. ओला बांबू चिवट असतो, पण कडक नसतो. चाकूला दोन्ही गुण हवेत, आणि अडचण अशी की बहुधा एक वाढवला की दुसरा कमी होतो.

लोहार पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. पाणी दिल्याबरोबर पाते अतिशय कडक होते, पण इतके ठिसूळ की फरशीवर पडले तरी तुटावे. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा मंद आचेवर तापवतो. साध्या कार्बन पोलादाचे घासलेले पाते सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला गवतासारखे पिवळसर दिसते, २५० च्या पुढे तपकिरी होते आणि ३०० च्या आसपास निळे. पिवळसर रंगावर थांबले तर धार चांगली टिकते. निळ्यापर्यंत गेले तर चिवटपणा वाढतो, पण धार लवकर जाते. निळेपणा स्प्रिंगला योग्य, चाकूच्या धारेला नव्हे.

प्रयोगशाळेत या दोन गुणांची मोजमापे वेगळी आहेत. कडकपणा रॉकवेल यंत्रावर हिऱ्याचे टोक दाबून मोजतात. खिशातल्या चाकूचे पाते साधारण ५४ ते ६० रॉकवेल असते. चिवटपणासाठी फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये मांडलेली कसोटी वापरतात. १० मि.मी. जाडीच्या पोलादी तुकड्याला खाच पाडून त्यावर जड लंबकाचा टोला मारतात आणि तुकडा तुटताना किती शक्ती खर्च झाली ते पाहतात. चाकूचे पाते दोन-तीन मि.मी. जाड, त्यातून असा तुकडा निघत नाही. त्यामुळे डबीवर कडकपणाचा आकडा छापलेला आढळेल, चिवटपणाचा सहसा आढळणार नाही. तो आपणच पारखायचा.

मोडून पाहण्याची परीक्षा

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही चाकू घडविणाऱ्या लोहारांची संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिथे वरचा दर्जा मिळविण्यासाठी लोहाराला स्वतः घडविलेल्या पात्याची परीक्षा द्यावी लागते. टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचे, त्यानंतर त्याच धारेने अंगावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पाते वाईसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचे. आधी कडकपणा पाहिला, मग चिवटपणा. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. मात्र ही परीक्षा बिनघडीच्या मोठ्या सुरीची आहे, आणि ती देताना सुरी कामातून जाते. पास होतो तो लोहार, सुरी नव्हे.

आपणही हेच तत्त्व वापरू शकतो. ऊस पक्व झाला काय हे पाहण्यासाठी प्लॉटमधले मोजके ऊस घेऊन ब्रिक्स पाहतात, सगळा प्लॉट तोडत नाहीत. तसेच दहा-पंधरा सभासदांनी एकाच बनावटीचे चाकू एकदम घ्यावयाचे ठरवले, तर एक चाकू जास्त घ्यावा आणि तो मोडून पाहावा. पाते वाईसमध्ये धरून वर गोणपाट टाकावे, डोळ्यांना चष्मा लावावा, मूठ काढून पाइपाने हळूहळू वाकवावे. थोडे वाकून सोडल्यावर सरळ झाले तर उत्तम. जास्त रेट्याने वाकून तसेच राहिले तरी चालेल, शेतात वाकलेला चाकू तुटलेल्यापेक्षा बरा. जरा वाकताच काडकन तुटले तर ती बनावट नाकारावी.

तुटलेली कड उन्हात धरून पाहा. दाणा बारीक, राखी, मखमलीसारखा दिसला तर पोलादाला पाणी बरोबर दिले आहे. खडबडीत, चमचमणारा दाणा दिसला तर ते फाजील तापवलेले आहे. साखरेत एम-३० चा दाणा एस-३० पेक्षा मोठा आणि भावही बहुधा जास्त. पोलादात उलट आहे, दाणा मोठा तर माल हलका.

आपल्या चाकूची परीक्षा

जो चाकू वापरायचा आहे त्याला मोडून कसे चालेल? त्याच्यासाठी पुढील पाच गोष्टी कराव्यात.

१) नजरेने पाहणे. पाते उघडून डावी-उजवीकडे हलवा. खिळ्यात खुळखुळ नसावी. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसावे. पात्यावर, विशेषतः नख लावायच्या खाचेजवळ, केसासारखी चीर नसावी.

२) कानशीने पाहणे. मुठीजवळच्या धारेवर बारीक कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाते कडक, चावली तर मऊ. एवढ्याने फक्त कडकपणा कळतो.

३) पितळी सळईवर पाहणे. ही सर्वांत उपयोगी परीक्षा. हार्डवेअरच्या दुकानातून सुमारे ६ मि.मी. जाडीची पितळेची सळई आणून ती घट्ट बसवा. निसण्यावर धार लावताना पाते जेवढे कलते धरतो तेवढेच धरून धारेचा काठ सळईवर टेकवा आणि बेताने दाबत पुढे न्या. उजेडात पाहिले तर दाबाखाली काठ किंचित लवताना दिसतो. लवून परत सरळ झाला, तर कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ बसला आहे. तसाच मुडून राहिला तर पोलाद मऊ. काठाचे टवके उडाले तर ठिसूळ.

४) कामावर पाहणे. दहा-वीस जुनी कांडी चिरा, पाच-सहा सुतळ्या कापा, वाळल्या बांबूच्या पेरावर धार न पिळता छिलके काढा. मग धार वर करून दिव्याकडे धरा. चांगली धार दिसत नाही. जिथे ठिपका चमकेल तिथे ती मुडली किंवा तुटली आहे.

५) सांधा पाहणे. घडीच्या चाकूचा चिवटपणा पात्याइतकाच त्याच्या खिळ्यात आणि पाठीच्या स्प्रिंगेत असतो. पात्याचे टोक खिळ्यापासून ८ सें.मी. दूर आणि स्प्रिंगचा टेकू १ सें.मी. वर असेल, तर टोकावर दिलेल्या ५ किलोच्या रेट्याचे तिथे सुमारे ४० किलो होतात. पहारेचा हिशेब आपणांस ठाऊक आहेच, तोच हा. चाकूला खटका असेल तर उघड्या पात्याची पाठ लाकडावर टेकवून हाताने दाबा, बोटे मात्र पाते मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. पाठ दगडावर आपटून पाहण्याची काहींना सवय असते. त्याने चांगला खटकाही झिजतो, तेव्हा ते करू नये. खटका नसलेल्या साध्या चाकूला केवळ स्प्रिंग धरून ठेवते. त्याने टोचणे, उकरणे ही कामे करूच नयेत. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूलासुद्धा १९५५ मध्ये पाते अडवणारे फिरते कडे बसवावे लागले, यावरून सांध्याचे महत्त्व कळावे.

चिवटपणा राखावा कसा

चांगला चाकू आपल्याच हाताने बिघडतो, तो मुख्यतः आगीने. बेणे तोडताना रोगट उसाचा रस पात्याला लागून निरोगी टिपरीत जातो. खोडवा खुरटा ठेवणारा आर.एस.डी. रोग अशाच हत्यारांतून पसरतो. म्हणून पाते निर्जंतुक करायला हवेच. पण काही गडी ते चुलीत किंवा गॅसवर धरतात. पाते निळे पडले की दिलेले पाणी उतरले, धार गेली. त्याऐवजी पाते धुऊन उकळत्या पाण्यात बुडवावे. १०० अंशांनी पोलादाला काही होत नाही. मूठ लाकडी असेल तर ती पाण्याबाहेर राहू द्यावी. कोरड्या विजेच्या चाकावर धार लावतानाही धारेचा काठ असाच निळा पडतो. पाणी लावून निसण्यावर धार लावणे केव्हाही चांगले.

दुसरा शत्रू गंज. उसाचा रस किंचित आंबट असतो, त्याचा सामू ५ ते ५.५ च्या आसपास. कार्बन पोलादावर त्याने डाग पडतात, पुढे खड्डे पडतात, आणि चीर सुरू होते ती बहुधा अशा खड्ड्यातून. काम संपताच पाते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा, एक थेंब खिळ्यावर सोडा. स्टेनलेस चाकू गंजायला वेळ लावतो, पण सारख्याच कडकपणाला साधे कार्बन पोलाद साधारणपणे जास्त चिवट भरते. दोन्ही चांगले आहेत, काम पाहून निवड करावी.

शेवटी एक सांगणे. चाकूने कोयत्याचे काम करू नये. पाठीवर दगड मारून लाकूड फोडणे, डबा उचकटणे, स्क्रू पिळणे यांनी चाकू तुटला तर दोष पोलादाचा नाही. ज्या कामासाठी अवजार केले, त्याच कामावर त्याची परीक्षा घ्यावी. विक्रेत्याने खिळा तोडून दाखवला तर दाद जरूर द्यावी, पण पैसे काढण्यापूर्वी खिशातून पितळेची सळई काढावी.