कानाला न कळणारा वेग

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी गोंदियाहून नागपूरला निघालो होतो. धानाची कापणी संपत आलेली, बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले, रस्त्यावर पातळ धुकं. गाडी इलेक्ट्रिक, घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. लांब जायचं म्हणून रात्री घरीच 100 टक्के चार्ज केली होती.

गोरेगावच्या अलीकडे एका वळणावर उजवीकडच्या बांधीतून धानाचे भारे लादलेली बंडी रस्त्यावर चढताना दिसली. मी रोजच्यासारखा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. एरवी पाय उचलला की ही गाडी कुणी मागून धरल्यासारखी मंदावते. त्या दिवशी ती तशीच पुढे वाहत राहिली. काय होतंय ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असेल. मी गाडी डावीकडे घेतली. डांबराची कड तुटलेली होती, पुढचं चाक खाली आदळलं आणि टायर बाजूने फाटला. गाडी थांबली तेव्हा बंडीचं चाक माझ्या आरशापासून हातभर अंतरावर होतं.

बैल बुजले होते. बंडीवाल्या बाबांनी आधी त्यांना शांत केलं, मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "भाऊ, लागलं तर नाही ना? आवाजच नाही आला ना गाडीचा."

कुणाला काही झालं नाही, हे नशीब. पण त्या एका सेकंदाचा मी नंतर बराच विचार केला, आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

पाय उचलल्यावर इलेक्ट्रिक गाडी मंदावते, कारण तिची मोटार तेव्हा जनरेटरसारखी चालते. चाकांची गती विजेत बदलून ती बॅटरीत परत भरते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे गाडीला बसणारा हा आवर कमी होतो किंवा जवळजवळ नाहीसा होतो. बॅटरी फार थंड असतानाही तसंच होतं. काही गाड्या अशा वेळी आपणहून ब्रेक लावून ही उणीव भरून काढतात. माझी काढत नव्हती. गाडीसोबतच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलं होतं आणि मी ते पान वाचलं नव्हतं. तीन महिन्यांत माझ्या पायाला ब्रेकची सवयच उरली नव्हती, ही त्याहून मोठी चूक.

याआधी चार वर्षं मी टर्बो पेट्रोल गाडी चालवली. ती अजून घरात आहे, लहान भाऊ वापरतो. त्यामुळे दोन्हींची तुलना मला रोज करता येते.

आधी आकडे बघू. आपल्याकडच्या वेगवान पेट्रोल गाड्यांत फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं नाव घेतात. तिचं 1.5 लिटरचं टर्बो इंजिन 150 पीएस ताकद आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क देतं. महिंद्राच्या बीई 6 या इलेक्ट्रिक गाडीची 79 किलोवॉट-अवर बॅटरीवाली आवृत्ती 286 पीएस आणि 380 न्यूटन मीटर देते. 0 ते 100 चा वेग ती 6.7 सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. काही वर्षांपूर्वी एवढी ताकद फक्त परदेशी महागड्या गाड्यांत मिळायची. आज ती चाकणला बनते आणि आपल्या गल्लीत उभी राहते.

रोजच्या चालवण्यात मात्र खरा फरक आकड्यांपेक्षा ताकद हाती कशी येते यात जाणवतो. पेट्रोल गाडीत पाय दाबल्यावर गिअर खाली पडतो, टर्बो फुलायला क्षणभर लागतो, मग इंजिनाचा आवाज चढतो. म्हणजे वेग आधी कानाला कळतो. इलेक्ट्रिक मोटारचा पूर्ण टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो, गिअर बदलत नाही, आवाज वाढत नाही. मला वाटायचं 60 वर आहे, काट्याकडे बघावं तर 90. 90 ला गाडी एका सेकंदात 25 मीटर जाते. माझा तो हरवलेला सेकंद म्हणजे एवढं अंतर.

दुपदरी रस्त्यावर धानाचा ट्रक मागे टाकायचा असेल तर इलेक्ट्रिकसारखी गाडी नाही. समोरच्या लेनमध्ये आपण फार कमी वेळ राहतो. गोंदियाच्या बाजारात, थांबत-चालत जाताना तिला धक्के नाहीत, क्लच तापायची काळजी नाही. वळणात आणि ब्रेकमध्ये मात्र वजन आडवं येतं. माझी पेट्रोल गाडी सव्वा टनाची, इलेक्ट्रिक तिच्या दीडपटीहून जड. टायरवर तो भार दिसतो. जोरात पाय दाबायच्या माझ्या सवयीने पहिला जोड 25 हजार किलोमीटरच्या आत गेला. पेट्रोल गाडी तीच सवय वेगळ्या प्रकारे वसूल करायची. सावकाश चालवली तर 16-17 चं ॲव्हरेज देणारी गाडी पाय जड झाला की 10 वर यायची.

आणि आमचा रस्ता कोणता, तेही बघा. गोंदिया-कोहमारा मार्ग नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणाऱ्या जंगलातून जातो. ऑगस्ट 2023 मध्ये याच मार्गावर मुरदोलीजवळ भरधाव कारच्या धडकेने वाघ मेला. 29 नोव्हेंबर 2024 ला याच मार्गावर डव्वा गावाजवळ गोंदियाकडे येणारी शिवशाही बस उलटली आणि 11 प्रवासी गेले. चितळ, गुरं, शाळेच्या सायकली, बंड्या, धानाचे ट्रॅक्टर, सगळे याच रस्त्यावरून जातात. इथे 0 ते 100 किती सेकंदांत, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. 80 वरून थांबायला किती जागा लागते, हा प्रश्न रोज पडतो.

म्हणून जे शिकलो ते सांगतो.

रोजच्या वापरासाठी बॅटरी 80 टक्क्यांपर्यंतच भरा. लांब जायचं म्हणून पूर्ण भरली असेल तर पहिले 20-25 किलोमीटर पाय ब्रेकजवळ ठेवा. पाय उचलल्यावर गाडी मंदावते ही सोय आहे, तिला ब्रेक समजू नका. घरातला दुसरा कुणी गाडी घेऊन निघणार असेल तर त्यालाही हे सांगा.

पहिले दोन महिने गाडी सौम्य मोडवर चालवा आणि वेग काट्यावर बघायची सवय लावा. कान आता मदतीला नाहीत. पायी चालणाऱ्यांना आणि जनावरांनाही तुमची गाडी ऐकू येत नाही, तेव्हा गावात शिरताना हॉर्न आधी, तोही हलका.

स्टेपनी आहे का, हे गाडी घेण्यापूर्वी विचारा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत पंक्चर किटच देतात, आणि बाजूने फाटलेल्या टायरला किटचा उपयोग नाही. मी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला चार तास बसलो. इलेक्ट्रिक गाडी दोराने ओढत नेऊ नये, मोटारशी जोडलेली चाकं फिरली तर नुकसान होतं. चारही चाकं वर घेणारी गाडी मागवावी लागते, आणि ती यायला वेळ लागतो.

नागपूर जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर होतं. कंपनीने सांगितलेल्या रेंजवर हिशेब करू नका. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 ऐवजी 110 ने गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. त्यात आपला मे महिना, 45 अंशांत एसी. परतीचं चार्जिंग कुठे करणार, हे निघण्याआधी ठरवा. घरच्या चार्जरसाठी वायरिंग आणि अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर गाडी कधीही लावू नका.

घरी चार्जिंगची जागा असेल आणि रोजचं फिरणं आमगाव, तिरोडा, गोरेगाव एवढंच असेल तर इलेक्ट्रिक घ्या, मी पुन्हा तीच घेईन. आठवड्यातून दोन-तीनदा न थांबता लांब जावं लागत असेल तर अजून काही दिवस पेट्रोल बरी.

दोन्हींपैकी कोणतीही बघायला जाल तेव्हा विक्रेता तुम्हाला पाय दाबून बघा म्हणेल. तुम्ही मोकळा रस्ता आणि मागचा आरसा बघून 60 वर न्या आणि जोरात ब्रेक दाबून बघा. पाय उचलून बघा. मग किंमत विचारा.