घरांतील कुंडींत लहान कॅक्टस् : मुळशीकडील अनुभव

मावळांतील शेतकऱ्यास निवडुंगाची ओळख करून देण्याचें वास्तविक कारण नाहीं. बांधावरचा त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर आणि माळावरचा फड्या निवडुंग हीं त्याच्या रोजच्या पाहण्यांतलीं झाडें होत. परंतु या तिघांत खरा कॅक्टस् एकटा फड्या निवडुंगच. बाकीचे दोन एरंडाच्या कुळांतले आहेत. ज्याचे कांटे लोकरीसारख्या बारीक गादींतून झुबक्यानें निघतात तो कॅक्टस् समजावा. चिकावरून परीक्षा करूं नये, कारण कांहीं कॅक्टसांतहि पांढरा चीक असतो. हें कुळ जवळजवळ सर्व अमेरिकेचें. पुण्याच्या घरोघरीं ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात व ज्याचें फूल पाहण्यास रात्रीं शेजाऱ्यांना बोलावणें जातें, तेंहि मेक्सिकोकडचें कॅक्टसच आहे. हिमालयांतील खरें ब्रह्मकमळ अगदीं निराळें.

हल्लीं भूगांव-पिरंगुटकडील रोपवाटिकांतून लिंबाएवढे गोल, कांटेरी कॅक्टस् विकावयास असतात. त्यांत मॅमिलॅरिया ही जात घरासाठीं उत्तम. थंडी सरतां सरतां तिच्या माथ्याभोंवतीं लहान गुलाबी किंवा पिवळसर फुलांचें कडें येतें. जणूं कोणी गजराच घातला आहे. विकणारे सांगतात, ‘पाणी घालूं नका, झालें.’ हा उपदेश सोलापुरास पुरेल, मुळशीस पुरत नाहीं. येथें पाणी आपण घालीत नसलों तरी तें हवेंतूनच येतें.

आम्ही प्रथम सात कुंड्या आणल्या आणि त्या खाचराच्या मातींत शेणखत मिसळून लावल्या. ओटीवर तुळशीजवळ त्या ठेविल्या असल्यामुळें तुळशीला पाणी घालतांना त्यांनाहि थोडें मिळे. ज्या पावसावर आमचा आंबेमोहोर पोसला त्याच पावसांत, आषाढ संपण्यापूर्वीं, पांच झाडें गेलीं. तीं शेवटपर्यंत हिरवीं दिसत होतीं. एक उचलावयास गेलों तों तें बुडापासून सुटून हातांत आलें व खालीं नुसता लगदा राहिला. दोष झाडाचा नव्हता, रोपवाटिकेचाहि नव्हता.

कारण समजून घेतलें पाहिजे. कॅक्टस् दिवसा आपल्या त्वचेचीं छिद्रें बंद ठेवितो व रात्रीं उघडतो, म्हणून त्याचें पाणी फार थोडें उडतें. ढगाळ, दमट दिवसांत तर तें जवळजवळ उडतच नाहीं. मग कुंडींतील ओल तशीच राहते, मुळांना हवा मिळत नाहीं आणि बुरशी आंत शिरते.

तेव्हां पहिली सुधारणा मातीची. खाचराची चिकण माती मुळींच नको. चाळलेली बागेची माती एक भाग, धुतलेली जाड वाळू दोन भाग व विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे एक भाग घ्यावे; ताजें शेणखत वर्ज्य. कुंडी कच्च्या रंगाची, मातीची, तीन-चार इंचांची असावी. मोठी कुंडी म्हणजे अधिक ओल, हें विसरूं नये.

मृग लागतांच कुंड्या पागोळीपासून दूर, घरांत उजेडाच्या खिडकीपाशीं आणाव्या. वारा खेळता हवा. आषाढ-श्रावणांत पाणी बंदच. झाड स्पष्ट सुरकुतलें तरच दोन चमचे. कित्येक जण ओल टाळण्यासाठीं चुलीवरच्या फळीवर कुंडी ठेवितात. आम्हींही ठेवून पाहिली. झाड वांचलें, पण अंधारांत त्याचा शेंडा बारीक व फिकट निघाला, आणि तो आकार पुढें कधींच सुधारला नाहीं. ऑक्टोबरांत ऊन द्यावें तें सकाळच्या कोंवळ्या उन्हापासून, हळूहळू. एकदम दिल्यास त्वचा करपते. त्यानंतर माती तळापर्यंत वाळल्यावरच पाणी द्यावें. डिसेंबर-जानेवारींत थंडी, ऊन आणि कोरडी माती या तिघांचा योग व्हावा लागतो. या विश्रांतीवांचून कळ्या धरत नाहींत. कळ्या दिसूं लागल्या म्हणजे पाणी पुन्हां सुरू करावें.

बूड कुजूं लागल्याचें वेळीं लक्षांत आल्यास स्वच्छ सुरीनें निरोगी गर लागेपर्यंत कापावें, आठ-दहा दिवस सावलींत वाळवावें व कोरड्या वाळूवर बसवावें. आमच्या उरलेल्या दोन झाडांपैकीं एक असेंच वांचलें आहे. कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकणाचे समजून स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसावे. याच्याच जवळच्या नात्यांतला कोचिनील किडा १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून दक्षिण हिंदुस्थानांत आणून माजलेल्या फड्या निवडुंगाचा बंदोबस्त करण्यांत आला. माळावर जो उपकारी त्याचा भाऊबंद खिडकींत वैरी, असा हा प्रकार आहे.

ताम्हिणीच्या बाजूस, जेथें महिनामहिना ऊन दिसत नाहीं, तेथील वाचकांनीं मॅमिलॅरियाचा हट्ट न धरलेला बरा. त्यांनीं श्लंबर्गेरा लावावा, असें आमचें मत आहे. हा ब्राझीलमधील किनाऱ्याजवळच्या धुकट डोंगरांतला, झाडांच्या खांद्यांवर व खडकांच्या फटींत वाढणारा कॅक्टस्. पानांसारखे चपटे सांधे, कांटे नाहींत, दमट हवा मानवते. कुंडी मात्र निचऱ्याचीच हवी. रात्री लांबूं लागल्या कीं तो कळ्या धरतो व नोव्हेंबर-डिसेंबरांत फुलतो. म्हणून दसऱ्यापासून पुढें सहा आठवडे रात्रीं दिवा लागणाऱ्या खोलींत त्याला ठेवूं नये.

विकत घेतांना फूल हळूच चाचपून पाहावें. वाळकीं रंगीत फुलें डिंकानें चिकटविलेलीं आढळतात. तांबड्या-पिवळ्या डोक्याचें कलमहि आम्ही घेत नाहीं. त्या डोक्यांत हरितद्रव्य नसल्यानें तें खालच्या खुंटावर जगतें, आणि बहुधा थोडींच वर्षें.