माजी सैनिक, पोलीस आणि परदेशप्रवेशाचा कायदा

इंदूर येथील छत्रीबाग हा भाग होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मारक-छत्र्यांमुळे प्रसिद्ध आहे. होळकरांच्या काळात माळव्यात आलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. जवळच महू येथे १८१८ पासून लष्करी छावणी आहे. सीमा सुरक्षा दलाची शस्त्रे व डावपेच यांचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही इंदुरातच आहे. साहजिकच सैन्य किंवा पोलीस दलातील नोकरी येथील कुटुंबांना अपरिचित नाही. या दलांतून निवृत्त झालेली व्यक्ती परदेशी असलेल्या मुलामुलींकडे जाऊ इच्छिते, तेव्हा तिच्या पूर्वसेवेचा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्यातील तरतुदी

कॅनडाचा स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायदा २००१ साली संमत झाला व २८ जून २००२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३४ मध्ये हेरगिरी, दहशतवाद इत्यादी कारणांचा, तर कलम ३५ मध्ये युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे व मानवी हक्कांचे उल्लंघन यांचा समावेश आहे. अशा कृत्यांशी संबंध असल्यास अर्जदार प्रवेशास अपात्र ठरतो. त्यासाठी न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला असावा लागत नाही. कलम ३३ नुसार तसे मानण्यास वाजवी आधार असणे पुरेसे असते. अमेरिकेच्या कायद्यातही छळ व बेकायदेशीर हत्या यांत सहभागी असलेल्यांना प्रवेश नाकारण्याची तरतूद २००४ साली करण्यात आली.

दोन घटना

पुराव्याची ही पायरी खालची असल्यामुळे व्यक्तीऐवजी संपूर्ण दलावरच ठपका येण्याचा धोका संभवतो. सीमा सुरक्षा दलातील एका निवृत्त जवानाला कॅनडाचा व्हिसा नाकारताना दिलेल्या पत्रात त्या दलाचे वर्णन कुप्रसिद्ध हिंसक दल असे करण्यात आले होते. २०१० साली हे प्रकरण उघडकीस येताच भारत सरकारने तीव्र आक्षेप नोंदविला. त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडाच्या स्थलांतरमंत्र्यांनी पत्रांतील भाषेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुढे मे २०१७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका निवृत्त महानिरीक्षकांना व्हँकुव्हर विमानतळावर प्रवेश नाकारण्यात आला. त्याही वेळी भारताने निषेध केला व कॅनडाकडून खेद व्यक्त झाला.

सदस्यत्व आणि सहभाग

या बाबतीत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ जुलै २०१३ रोजी इझोकोला प्रकरणात दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. तो काँगोच्या एका माजी राजनैतिक अधिकाऱ्याच्या निर्वासित दर्जासंबंधी होता. एखाद्या संस्थेत केवळ काम केले म्हणून कोणी तिच्या गुन्ह्यांचा भागीदार होत नाही. त्याने स्वेच्छेने, जाणीवपूर्वक आणि लक्षणीय स्वरूपाचा हातभार लावलेला असला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. समजा, छत्रीबागेतील एका निवृत्त हवालदाराने आपली सर्व सेवा दळणवळण विभागात बिनतारी यंत्रावर केली. या कसोटीनुसार त्याचे दल कोणते होते, एवढ्यावर विचार थांबत नाही. त्याचे काम, हुद्दा, कालावधी व त्याला असलेली माहिती यांचा विचार करावा लागतो.

अर्जदाराने घ्यावयाची काळजी

(१) कॅनडाच्या स्थायी निवासाच्या अर्जात सैनिकी व निमसैनिकी सेवेचा तपशील स्वतंत्रपणे विचारला जातो. तारखा, तुकडी, हुद्दा व प्रत्यक्ष लढाईची ठिकाणे विचारल्याप्रमाणे भरावीत. सेवामुक्तीचे पुस्तक, सेवा प्रमाणपत्र व निवृत्तिवेतनाचा आदेश यांच्याशी ती ताडून पाहावीत.

(२) अडचण टाळण्याच्या हेतूने सेवा लपवू नये. महत्त्वाची माहिती दडविल्यास कलम ४० खाली पाच वर्षांची अपात्रता ओढवू शकते. ज्या सेवेत आक्षेपार्ह काहीच नव्हते, ती लपविल्यानेच नवा दोष निर्माण होतो.

(३) शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. गोपनीय कारवाईची माहिती मागितली गेल्यास आपल्या पूर्वीच्या कार्यालयाकडून मार्गदर्शन घ्यावे आणि उत्तर देता येत नसल्याचे कारण स्पष्टपणे नमूद करावे.

(४) शंका उपस्थित करणारे पत्र आल्यास दिलेल्या मुदतीत, स्वतःच्या कामापुरते व कागदपत्रांसह उत्तर द्यावे. संपूर्ण दलाची बाजू मांडणे हे शासनाचे काम आहे. अर्जदाराने आपल्या सेवेचा खरा व पूर्ण वृत्तांत देणे इष्ट होय.