लाळेवरून निदान होतं का?

प्रश्न : दौंडला राहणाऱ्या वडिलांना तंबाखू-चुन्याची जुनी सवय. गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय. बायोप्सीला घाबरतात. नुसती लाळ तपासून भागेल का?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : लाळेत आजाराच्या खुणा उतरतात, हे खरं. तोंडाच्या कर्करोगात इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन लाळेत वाढलेलं आढळतं. पण ते इतर दाहातही वाढू शकतं. म्हणून लाळ इशारा देते, निकाल नाही. चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तुकडा तपासायलाच हवा. जागा बधिर करून तो काही मिनिटांत काढतात. वडिलांची तीन बोटं उभी तोंडात जातात का, पाहा. जात नसतील, तर तोंड आखडतंय. तंबाखू आजच थांबवा, आणि दंतवैद्यांना याच आठवड्यात दाखवा.