लिहिण्याची मोडलेली सवय पुन्हा कशी लावायची?

प्रश्न : लग्नाआधी मी नियमित कथा लिहीत असे. काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या. पुढे नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यांत लिहिणं बंद पडलं, त्याला दहा वर्षं झाली. आता वेळ मिळतो. पण वही उघडली की चार ओळींतच सगळं भिकार वाटतं आणि मी पान फाडते. न लिहिल्याने लिहिता येणं खरंच निघून जातं का? रोज लिहायची सवय पुन्हा कशी लावू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निघून जात नाही. या दहा वर्षांत तुमचं लिहिणं थांबलं, वाचणं आणि माणसं पाहणं थांबलेलं नसणार. त्यामुळे तुमच्यातली वाचक बरीच पुढे गेली आणि हात मात्र होता तिथेच राहिला. चौथ्या ओळीला नाक मुरडते ती ही वाचक. तिचं काम दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी आहे. तोवर पान फाडायचं नाही आणि मागे जाऊन खोडायचंही नाही.

मोठ्या खंडाची धास्ती घेऊ नका. भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ साली आली आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट २०१० साली. मधली ३१ वर्षं कादंबरी नव्हती, पण समीक्षा आणि कविता चालू होती. तुम्हालाही कथेनेच सुरुवात करायला हवी असं नाही. डायरी, एखादं लांबलचक पत्र, वाचलेल्या पुस्तकावरचं टिपण, काहीही चालेल.

आता सवयीचं. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. तो वेग आपल्याला झेपणारा नाही; पण बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचा मजकूर वाचत असे, ते जरूर उचला. कालचं वाचता वाचता आजची ओळ सुचते. तुम्हाला पाच-दहा मिनिटांचं वाचन पुरेल. शिवाय उठताना पुढचं वाक्य ठाऊक असेल अशा जागी थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंजावं लागत नाही.

वेळ ठरवताना ‘सकाळी जमेल तसं’ म्हणू नका. मुलं शाळेत गेल्यावर किंवा रात्रीची आवराआवर झाल्यावर, असं आधीच्या एखाद्या कामाला जोडून द्या. सुरुवातीला वीस मिनिटं बस्स. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला होता. खाणंपिणं, व्यायाम अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ वर गेला. तुमच्या कामाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा पाहुणे आले, ताप आला, वही उघडली नाही, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायला जाऊ नका. नेहमीची वीस मिनिटंच बसा.

दहा वर्षांपूर्वीची अर्धवट कथा तूर्त कपाटातच राहू द्या. ती लिहिणारी बाई आता तुम्ही नाही. त्यापेक्षा मधल्या वर्षांकडे वळा. आजारपणात रात्री जागवल्या असतील, बघायला आलेल्यांची बोलणी ऐकली असतील, त्यांचे चहा केले असतील. लिहिण्यात खंड पडला म्हणता, त्याच काळात तुमचा सर्वांत चांगला ऐवज जमला आहे.

शेवटी, स्वतःला तारीख लावून घ्या. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठीत कितीतरी कथा संपादकाच्या तगाद्यामुळेच पुऱ्या झाल्या आहेत. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं. तेव्हा एक कथा पुरी करा आणि पाठवा. साभार परत आली तर वाईट वाटेलच. पण तोवर दुसरी सुरू झालेली असू द्या.