वर कसा येणार, ते आधी सांग

सह्याद्रीत दोरावर तयार झालेल्या माणसाची एक सवय असते: उतरायचं दोराने, परतायचं पायवाटेने. कोकणकड्यावरून रॅपलिंग करत खाली बेलपाड्याच्या बाजूला टेकलं की दोराचं काम संपलं. उभ्या गुहेत सगळं उलटं. उतरण जवळपास फुकट मिळते. मजुरी परतीला, आणि तीही भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या, दमलेल्या अंगाने. म्हणून अलाबामा-जॉर्जियाच्या चुनखडीतल्या विवरांत उतरू पाहणाऱ्या आपल्या मंडळींना ‘डिसेंडर कुठला घेतलास’ हे मी विचारतच नाही. वर कसा येणार, एवढंच विचारतो.

हा प्रश्न मी धरून बसलो तो नेव्हरसिंकपासून. अलाबामातलं हे ४९ मीटरचं उघडं विवर, कडांवर नेचे, पावसानंतर बाजूने पाणी कोसळणारं. आमच्यातला एकजण, पुण्याचाच, कड्यावर माझ्याहून कितीतरी सरस. साधनं त्याची नवीकोरी होती, पद्धतही इथे सर्रास चालणारी ‘फ्रॉग’: छातीवर क्रोल, हातात जुमार (दोन्ही दोरावर फक्त वर सरकणारी, वजन पडलं की दोर धरणारी साधनं), जुमारला पायाची फीत. हार्नेसमध्ये बसायचं, गुडघे पोटाशी घेत जुमार वर सरकवायचा, फितीवर उभं राहायचं. तेवढ्यात क्रोल दोर गिळत वर येतो. पण हार्नेस त्याचा कडे चढण्याचा होता. त्याच्या पुढच्या उभ्या पट्ट्यात क्रोल अडकवला की तो चांगलाच वर जाऊन बसतो. गुहेच्या हार्नेसमध्ये जोडणीची जागा मुद्दाम खाली ठेवलेली असते, अर्धगोल मायलॉनच्या कडीवर, क्रोल बेंबीच्या आसपास राहील अशी. या फरकाने प्रत्येक उठाबशीतली वीतभर उंची जाते. टप्पा ५० सेंटिमीटरचा असेल तर ४९ मीटरला शंभरेक उठाबशा. तो ३० वर आला की दीडशेच्या पुढे.

दम तिथेच गेला. खरी अडचण काठावर आली. काठाच्या दगडावर दोर घासू नये म्हणून आम्ही रोप पॅड घातलं होतं, आणि त्याच्या वजनाने दोर त्या पॅडवर असा दाबला गेला होता की जुमार पुढे सरकेना. पाय टेकायला भिंत नाही, हात थरथरत होते. वरून दुसरा दोर सोडला, त्याला पायासाठी फास बांधला. त्यात पाय रोवून वजन हलकं केलं तेव्हा कुठे जुमार काठापलीकडे गेला. तो हसत वर आला, पण ओठ निळसर होते. हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपू शकतो, हे माहीत असलेले आम्ही मात्र हसत नव्हतो. तेव्हापासून काठावर पायाचा वेगळा फास आधीच टांगलेला नसेल तर मी खाली उतरत नाही.

आता निवडीचं. दुकानदार आणि उत्साही मित्र साधनांची नावं सांगतात. तुम्ही दोर कसा लटकणार आहे ते विचारा. युरोपात ९-१० मिलिमीटरचा बारीक दोर वापरतात आणि तो कुठेही घासू नये म्हणून मध्ये मध्ये नव्या बोल्टवर पुन्हा बांधतात. त्याला रीबिले म्हणतात. अशा प्रत्येक गाठीशी साधनं एकेक करून काढून पलीकडे लावावी लागतात. तिथे फ्रॉगला तोड नाही. टेनेसी-अलाबामा-जॉर्जियाची रीत वेगळी: ११ मिलिमीटरचा दणकट दोर, काठावर पॅड, आणि मग तळापर्यंत अखंड मोकळा. इथली जुनीजाणती माणसं रोपवॉकर बांधतात. एक जुमार पावलाशी, दुसरा रबरी दोरीने वर खेचला जाणारा गुडघ्याशी, छातीवर दोर धरून ठेवणारी रोलरची पेटी. जिना चढल्यासारखं चढता येतं.

जॉर्जियातल्या एलिसन्स केव्हमधलं फँटास्टिक पिट १७९ मीटरचं आहे. तिथे फ्रॉग चालतो, पण पोटऱ्या आणि कंबर त्याची किंमत मागतात. उलट रोपवॉकर घालून रीबिले ओलांडणं म्हणजे निव्वळ शिक्षा. शिवाय छातीची पेटी उघडली तर माणूस पाठीमागे उलटा होतो. म्हणून हार्नेसला थेट जोडलेला तिसरा जुमार वर हवाच. तो जड होतो म्हणून काढणारे मला भेटले आहेत. त्यांच्याबरोबर मी जात नाही.

मापं दुकानात नव्हे, टांगलेल्या दोरावर घ्या. फ्रॉगमध्ये पाय ताठ केल्यावर हातातला जुमार क्रोलच्या जेमतेम वर असावा. त्या जुमारची सुरक्षादोरी एवढीच लांब, की तिच्यावर पूर्ण लटकल्यावरही जुमार हाताला लागेल. छातीचा पट्टा उभं राहिल्यावर काचायला हवा. आरामात वाटला तर सैल आहे. तळाजवळ खालच्या दोराला वजन नसल्याने क्रोल नीट धावत नाही, तेव्हा दोर पावलांत चिमटून धरा किंवा खालच्या माणसाला ताणायला सांगा. दात्यांत चिखल भरला की जुमार घसरतो. खिशात जुना टूथब्रश ठेवा. आणि जुमारवर ढिला दोर कधीच साचू देऊ नका. साधारण ४ ते ६ किलोन्यूटनच्या झटक्याला ते दाते दोराचं कवच फाडतात.

पाणी हा वेगळाच विषय. फेब्रुवारी २०११ मध्ये एलिसन्समध्येच दोन विद्यार्थी धबधब्याखाली दोरावर अडकून गारठ्याने दगावले. दोर पाण्याच्या मार्गातून बाजूला बांधता येत नसेल, तर त्या दिवशी परत फिरणं बरं.

सराव झाडावर करा, पण दोर फांदीला गाठ मारून बांधू नका. वरच्या कप्पीतून खाली आणून डिसेंडरमध्ये अडकवा, तो एका माणसाच्या ताब्यात द्या. तुम्ही चढाल तसा तो दोर सोडत राहील. जमिनीपासून दोन हात वर राहूनही शंभर मीटर चढता येतं, आणि अडकलात तर तो अलगद खाली उतरवतो. चढता चढता थांबून डिसेंडर लावणं, आणि उतरता उतरता पुन्हा जुमारवर येणं, दोन्ही हातमोजे घालून आणि दिवा विझवून करून पाहा.