प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनी : कलाशिक्षण आणि नेतृत्व

आदिलाबाद जिल्ह्यातील इचोडा हे मंडल मुख्यालय नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. येथील बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि उर्दू या भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व पुढे त्या राज्याच्या, नंतर आंध्र प्रदेशाच्या आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाच्या कारभाराखाली आला. तथापि किनवट, पांढरकवडा या महाराष्ट्रातील शेजारच्या भागांशी त्याचे सोयरसंबंध व व्यवहार पूर्वापार चालत आले आहेत. म्हणूनच येथील मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी विचारात घेण्याजोगा आहे.

या परिसरातील मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन पदवी वर्गात जाते, तेव्हा तिच्यापुढे तीन अडचणी एकदमच उभ्या राहतात. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि पाठ्यपुस्तकांची बहुधा तिसरीच असते. वसतिगृहात ती प्रथमच परक्या मुलींबरोबर राहते. शिवाय हा कापसाचा प्रदेश आहे. वेचणीचा हंगाम आणि दिवाळीची सुट्टी एकमेकींना लागून येतात. सुट्टीला घरी गेलेली मुलगी वेचणीत अडकते, त्यातच लग्नाची बोलणी सुरू होतात आणि वर्गातील तिची जागा रिकामी राहते. पहिले वर्ष पार पाडणे हीच तिच्या दृष्टीने नेतृत्वाची पहिली पायरी होय.

जागा मिळाली, आवाजाचे काय?

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर नेले. तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायतराज कायद्यातही निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. कायद्याने खुर्ची मिळते. परंतु चार माणसांत उभे राहून बोलणे, विरोध ऐकून घेणे, हिशेब मागणे व हिशेब देणे ही कौशल्ये अभ्यासानेच अंगी बाणतात.

असा अभ्यास काय करू शकतो, याचे उदाहरण इचोडा मंडलातच आहे. मुखरा (के) या गावच्या सरपंचपदी २०१९ ते २०२४ या काळात श्रीमती मीनाक्षी गाडगे होत्या. या काळात गावाने स्वच्छतेच्या कामात व कचऱ्यापासून गांडूळखत तयार करून विकण्यात नाव मिळविले. असे काम एका व्यक्तीच्या उत्साहावर चालत नाही. त्यासाठी घरोघर जाऊन सांगणे, पटविणे आणि पुन्हा पुन्हा सांगणे आवश्यक असते. महाविद्यालयीन मुलीला ही सवय कोठे लावता येईल, असा प्रश्न केल्यास कलेचा वर्ग हे त्याचे एक उत्तम उत्तर ठरते.

पूर्वीच्या प्रयोगांपासून धडा

या भागाला अशा शिक्षणाची परंपरा आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. हे गाव आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते. गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मराठीतील नामवंत इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे संस्थानच्या सेवेत असताना याच भागात गोंडी शिकले व त्या भाषेवर त्यांनी लेखन केले. शिक्षक त्याच समाजातील असावा आणि शिक्षणाचा आरंभ घरच्या भाषेतून व्हावा, हा मारलवाईचा धडा होय. मात्र त्या केंद्रात प्रामुख्याने तरुण पुरुषांनाच संधी मिळाली. मुलींच्या बाबतीत हे काम पुढच्या पिढ्यांवर राहिले.

दुसरा धडा ठाणे-पालघर भागातील वारली चित्रकलेचा आहे. लग्नघरातील भिंतीवर देवचौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा आणि त्या वेळी गाणी म्हणण्याचा मान धवलेरीचा. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर उतरली व बाजारात आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर पोहोचविली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु भिंतीवरची स्त्रियांची कला बाहेर पडली, तेव्हा तिच्याबरोबर बाहेर पडलेल्या स्त्रिया थोड्याच होत्या, हेही विसरता येत नाही. कला प्रसिद्ध झाली म्हणजे कलावती पुढे आली, असे होत नाही. त्यासाठी वेगळी योजना करावी लागते.

वर्षाची आखणी

अशा योजनेचा आराखडा तीन टप्प्यांचा असावा.

पहिल्या सत्राच्या आरंभी मुलींनी आपल्या घरची कला जमवावी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बतुकम्माची गाणी, गोंड स्त्रियांची रेला गीते, बंजारा स्त्रियांचे आरसेकाम, थोटी स्त्रियांचे गोंदणकाम असे जे जिच्या घरी असेल, ते तिने वर्गात आणावे आणि इतरांना समजावून सांगावे. घरच्या विषयावर बोलताना मुलगी सहसा अडखळत नाही. ज्या मुलीला तेलुगू किंवा इंग्रजीत प्रश्न विचारल्यावर ती मान खाली घालते, तीच आपल्या गाण्याचा अर्थ सांगताना वर्गाची शिक्षिका होते. हा बदल लहान वाटला तरी मोलाचा आहे.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकीने आपल्या गावाचा नकाशा आठवणीने काढावा. विहीर, शाळा, देऊळ, शेताची वाट हे सारे त्यात येईल. ग्रामपंचायतीची कचेरी कोणी काढली आणि कोणाची राहून गेली, हे शिक्षिकेने पाहावे. ती का राहिली, असे विचारताच चर्चा सुरू होते : तेथे कधी गेलीस का, आई गेली आहे का, तेथे काय चालते? या नकाशातून एक प्रश्न निवडून त्यावर पंधरा मिनिटांची नाटिका बसवावी. प्रश्न हातपंपाचा असेल, तर अर्ज कोणाकडे द्यायचा, पोच कशी घ्यायची, उत्तर न आल्यास पुढे कोठे जायचे, याची खरी माहिती संबंधित कचेरीतून मिळविल्यावाचून संवाद लिहू नयेत. नाटिकेत ग्रामसेवकाची व सावकाराची कामेही मुलींनीच करावीत. अधिकाराच्या जागेवरून बोलण्याचा सराव त्यातून होतो.

तिसऱ्या टप्प्यात हा प्रयोग गावात न्यावा. येथे खरी कसोटी लागते. रंग, कापड, गाडीभाडे यांचा खर्च मुलींनी आखावा, पावत्या जपाव्यात आणि शेवटी हिशेब वर्गापुढे वाचून दाखवावा. प्रमुखपद दर महिन्याला बदलावे, म्हणजे गोड गळ्याच्या दोघीतिघींवरच सारे अवलंबून राहणार नाही. जिला रंगमंचावर येणे नको वाटते, तिला व्यवस्थापन, लेखन किंवा हिशेब यांत प्रमुख होता यावे.

ताई आणि अक्का

प्रथम वर्षाच्या चार-पाच मुलींमागे वरच्या वर्गातील एक विद्यार्थिनी नेमावी. तिला कोणी ताई म्हणेल, कोणी अक्का. शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रंथालय, आजारपण, घरची आठवण या लहानसहान गोष्टींत तिचा आधार असावा. दिवाळीपूर्वीच प्रत्येकीच्या परतीचा दिवस ठरवून घ्यावा. त्या दिवशी मुलगी आली नाही, तर ताईने शिक्षिकेला त्याच दिवशी कळवावे व शिक्षिकेने घरी जाऊन पालकांची भेट घ्यावी. महिनाभराने घेतलेल्या भेटीचा बहुधा उपयोग होत नाही. पुढील वर्षी याच मुलींनी नव्या मुलींच्या ताई व्हावे. मार्गदर्शनाची साखळी अशा रीतीने अखंड राहते.

काही पथ्ये

पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलींना नटवून रांगेत उभे करणे म्हणजे कलाशिक्षण नव्हे. मुलींनी काय सादर करावयाचे, हे त्यांनी स्वतः ठरविलेले असावे. तसेच गुसाडीसारखे नृत्य हे गोंड समाजाच्या दंडारी उत्सवातील श्रद्धेचा भाग आहे. मारलवाईच्या कनक राजू यांना याच कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यातील मोरपिसांचा मुकुट गावच्या वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून स्नेहसंमेलनात वापरू नये. दुसऱ्याच्या परंपरेचा मान राखणे हाही नेतृत्वाचाच पाठ आहे.

वर्षअखेरचे मूल्यमापन बक्षिसांवरून करू नये. किती मुली दुसऱ्या वर्षात गेल्या? किती जणींनी सभेत प्रश्न विचारला? किती जणी स्वतःचे अर्ज स्वतः लिहितात? या तीन प्रश्नांची उत्तरे पुरेशी आहेत.

गावाची जबाबदारी

हे काम एकट्या महाविद्यालयाने होणारे नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेत गावातील महाविद्यालयीन मुलींना नकाशा मांडू द्यावा, नाटिका करू द्यावी आणि त्यांनी मांडलेल्या प्रश्नाची नोंद कार्यवृत्तात घ्यावी. सीमेपलीकडील गावांनाही ग्रामसभेत हे सहज करता येईल. पालकांनी वेचणीच्या दिवसांत मुलीचे चार दिवस सोडले, शिक्षकांनी तिच्या भाषेचा मान राखला आणि पंचायतीने तिचे म्हणणे ऐकून घेतले, तर पहिल्या वर्षाची आज बुजणारी विद्यार्थिनी उद्या गावाच्या कारभाराचा भार समर्थपणे उचलील.